वैचारिक वाचनाचे माप

१. रूढ समजूत आणि तिची मर्यादा

वैचारिक पुस्तकांचे वाचन सुधारायचे म्हणजे अधिक वाचायचे, अशी समजूत रूढ आहे. वर्षाला अमुक पुस्तके, दिवसाला अमुक पाने, हाती घेतलेले पुस्तक शेवटच्या पानापर्यंत नेण्याचा नेम आणि जमल्यास वेग वाढवण्याचे एखादे शिबिर, असा हा उपक्रम असतो. गुडरीड्ससारख्या संकेतस्थळांवर वार्षिक उद्दिष्टे ठरतात आणि डिसेंबरअखेर वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या समाजमाध्यमांवर लागतात. ज्यांना तेवढीही सवड नसते त्यांच्यासाठी पंधरा मिनिटांत पुस्तकाचे सार सांगणारी अ‍ॅप आहेत. यादी वाढवणारा आणि सारावर भागवणारा, हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. प्रत्यक्षात दोघांचे गृहीतक एकच असते: पुस्तक ही संपवायची वस्तू आहे.

हे गृहीतक कादंबरीला काही अंशी लागू पडते, वैचारिक पुस्तकाला पडत नाही. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, विज्ञान किंवा कायदा यांवरील पुस्तक कोणत्या तरी प्रश्नाला दिलेले उत्तर असते. ते उत्तर पुराव्यावर उभे असते आणि त्याला मर्यादाही असतात. म्हणून अशा वाचनाचे एकक प्रश्न हे असायला हवे. एखाद्या प्रश्नाविषयी वाचकाचे मत आधीपेक्षा किती नेमके झाले आणि त्या मताचा आधार त्याला सांगता येतो का, हे या वाचनाचे खरे माप आहे. चांगल्या सवयी म्हणून ज्या सांगायच्या, त्या या मापाला उपयोगी पडल्या पाहिजेत.

अशा पाच सवयींचा येथे क्रमाने विचार केला आहे आणि उदाहरणे मुख्यतः नोएडाची घेतली आहेत. नोएडा हे कागदावर आधी जन्मलेले शहर आहे. उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियम, १९७६ या कायद्याखाली १७ एप्रिल १९७६ रोजी त्याचे प्राधिकरण स्थापन झाले. जमीन, आराखडा, इमारत यांविषयीचे येथील जवळजवळ प्रत्येक उत्तर कायद्यात, नकाशात किंवा निकालपत्रात लिहिलेले आहे. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांसह बहुतेक रहिवाशांना मात्र हे शहर सेक्टरच्या क्रमांकापलीकडे फारसे ठाऊक नसते. पुस्तकांची येथे वाण नाही. हार्परकॉलिन्ससारख्या मोठ्या प्रकाशनसंस्थेचे भारतातील कार्यालय अनेक वर्षे नोएडातच होते. दिल्लीत रवींद्र भवनातील साहित्य अकादेमीच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकेही मिळतात.

२. पहिली सवय: प्रश्न लिहून वाचायला बसणे

‘नगररचनेवर काहीतरी वाचायचे आहे’ हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयाला अंत नसतो, त्यामुळे वाचक पहिल्या सापडलेल्या पुस्तकाच्या ताब्यात जातो. ‘शहर वसवण्यासाठी जमीन कोणाची, कोणत्या कारणासाठी आणि किती मोबदल्यात घेतली जाते?’ हा प्रश्न आहे. तो कागदावर लिहिला की वाचनाचा क्रम आपोआप ठरू लागतो. नोएडा परिसरापुरते पाहिले तर पहिला टप्पा भूसंपादन अधिनियम, १८९४ हा आहे. त्यातील कलम १७ प्रमाणे तातडीचे कारण दाखवून शेतकऱ्यांची हरकत ऐकण्याची पायरी गाळता येत असे. दुसरा टप्पा २०११ सालचा. त्या वर्षी मे महिन्यात ग्रेटर नोएडाजवळील भट्टा-पारसौल येथे आंदोलन पेटले. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबेरी गावचे संपादन रद्द ठरवले. २१ ऑक्टोबरला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने गजराज सिंह प्रकरणात शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि १० टक्के विकसित जमीन देण्याचा आदेश दिला. तिसरा टप्पा २०१३ चा नवा कायदा. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यात खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आले.

हाच प्रश्न मराठी वाचकाला मुळशीपर्यंत घेऊन जातो. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी जाणाऱ्या जमिनींविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापट त्याचे नेते म्हणून पुढे आले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा अभ्यासग्रंथ लिहिला आहे. मुळशीत कारण मुंबईच्या विजेचे होते. नोएडा परिसरात ते नियोजित औद्योगिक विकासाचे होते, आणि शाहबेरीत वाद नेमका याचाच होता की उद्योगासाठी घेतलेली जमीन निवासी इमारतींच्या विकासकांकडे गेली. नव्वद वर्षांच्या अंतरावरील या दोन घटना ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात. त्यांना एकत्र आणतो तो वाचकाचा प्रश्न.

३. दुसरी सवय: मजकुराआधी रचना पाहणे

कादंबरीत घटनांचा क्रम हा लेखकाचा अधिकार असतो. शेवट आधी वाचणे तिथे रसभंग ठरते. वैचारिक पुस्तकात क्रम वाचकाच्या सोयीसाठी असतो. म्हणून प्रस्तावना, अनुक्रमणिका, उपसंहार, परिशिष्टे आणि सूची आधी पाहणे हा या वाचनाचा पाया आहे. मॉर्टिमर अ‍ॅडलर यांनी १९४० साली इंग्रजीत लिहिलेल्या वाचनविषयक प्रसिद्ध पुस्तकाच्या १९७२ च्या सुधारित आवृत्तीत वाचनाच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत. त्यांतील दुसरी पातळी हीच: अर्ध्याएक तासात पुस्तकाचा सांगाडा समजून घेणे. हे केले की पुस्तक सबंध वाचावे, दोन प्रकरणे वाचावीत की परत कपाटात ठेवावे, हा निर्णय माहितीवर घेता येतो.

रचनेतून लेखकाचा हेतू कसा कळतो याचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाकिस्तानविषयक ग्रंथात आहे. तो १९४० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९४५ मध्ये ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’ या नावाने वाढवून निघाला. पहिल्या भागात पाकिस्तानच्या बाजूची मुसलमानांची मांडणी आहे, दुसऱ्यात त्याविरुद्धची हिंदूंची, तिसऱ्यात पाकिस्तान नाही तर दुसरा पर्याय काय याचा विचार. अनुक्रमणिका न पाहता पहिल्या भागातील चार परिच्छेद वाचणारा वाचक ती लेखकाचीच भूमिका समजेल. या ग्रंथातील वाक्ये सुटी करून उलटसुलट निष्कर्षांसाठी वापरली जातात, त्याला हेही एक कारण आहे. रचना समजली की कोणते वाक्य कोणाच्या वतीने लिहिले आहे हे कळते.

४. तिसरी सवय: विधान, पुरावा आणि निष्कर्ष वेगळे करणे

वैचारिक पुस्तकातील मजकूर एका रंगाचा दिसला तरी त्यात किमान तीन थर असतात: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि त्यावरून कुठवर जातो. हे थर सुटे करण्याचा सराव करायचा तर न्यायालयीन निकालपत्रासारखे दुसरे साधन नाही. तिथे वस्तुस्थिती, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, ठरवायचे मुद्दे, विवेचन आणि आदेश असे विभाग स्वतंत्र असतात.

नोएडातील सेक्टर ९३ए मधील एमराल्ड कोर्ट संकुलातील दोन मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकांनी पाडले गेले. एपेक्स ३२ मजल्यांचा होता आणि सेयेन २९ मजल्यांचा. पाडण्याचे काम मुंबईच्या एडिफिस या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या साह्याने केले. ती दृश्ये देशभर पाहिली गेली आणि बहुतेकांच्या लेखी त्या प्रकरणाचा सारांश ‘बेकायदा बांधकाम पाडले’ एवढाच राहिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेले निकालपत्र वाचले की हा सारांश किती अपुरा आहे ते दिसते. मनोऱ्यांना प्राधिकरणाची मंजुरी होती. ती मंजुरीच नियमांना धरून नव्हती, हा खरा मुद्दा होता. इमारतींमधील किमान अंतराचा नियम पाळलेला नव्हता, आणि उत्तर प्रदेश अपार्टमेंट अधिनियम, २०१० प्रमाणे आधीच्या सदनिकाधारकांची संमती आवश्यक असताना ती घेतलेली नव्हती. प्राधिकरणाचे अधिकारी आणि विकासक यांच्या संगनमतावरही न्यायालयाने बोट ठेवले.

याच निकालपत्रात युक्तिवाद तपासण्याचा धडा आहे. अंतराच्या मुद्द्यावर विकासकाचे म्हणणे असे की नवे मनोरे शेजारच्या इमारतीसह एकाच समूहाचा भाग आहेत, म्हणून अंतराचा नियम लागू नाही. संमतीच्या मुद्द्यावर म्हणणे असे की नवे मनोरे हा स्वतंत्र टप्पा आहे, म्हणून जुन्या रहिवाशांची संमती नको. ही दोन विधाने वेगवेगळ्या पानांवर वाचली तर प्रत्येक विधान आपापल्या जागी पटण्याजोगे वाटते. शेजारी मांडली की ती एकत्र नांदू शकत नाहीत. वैचारिक पुस्तकांतही असेच होते. तिसऱ्या प्रकरणातील गृहीतक नवव्या प्रकरणात गुपचूप बदललेले असते, आणि पाने मोजणाऱ्या वाचकाच्या ते नजरेतून सुटते. समासात विधानाला एक खूण आणि पुराव्याला दुसरी, एवढी साधी पद्धतही हे सुटणे कमी करते.

५. चौथी सवय: विरुद्ध बाजूचा मजकूर सोबत ठेवणे

एकच पुस्तक वाचून बनलेले मत हे बहुधा त्या लेखकाचे उसने मत असते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नावर परस्परविरोधी असे किमान दोन लेखक वाचले पाहिजेत. हे कसे करावे याचा आदर्श मराठी माणसाच्याच एका पुस्तकात आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी आपले न झालेले भाषण मे १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. तेच ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डॉ. आंबेडकरांनी गांधीजींचा लेख आणि आपले उत्तर, दोन्ही समाविष्ट केले. प्रतिपक्षाचा मजकूर आपल्याच पुस्तकात छापणारा लेखक वाचकाकडून तुलनेची अपेक्षा करत असतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्याच खंडात हा सबंध वाद एका जागी वाचता येतो.

नोएडाच्या सेक्टर ९५ मध्ये ऑक्टोबर २०११ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे. पुतळ्यापुढे नमस्कार पुरतो, ग्रंथापुढे पुरत नाही. ज्याने गांधीजींचे म्हणणे वाचलेच नाही त्याला डॉ. आंबेडकरांच्या उत्तराची ताकदही पुरती कळत नाही, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे.

६. पाचवी सवय: पुस्तक मिटून आठवणे आणि लिहिणे

बहुतेक वाचक लक्षात राहावे म्हणून दोन उपाय करतात: ओळी रंगवणे आणि पुन्हा वाचणे. या उपायांची उपयुक्तता अभ्यासकांनी तपासली आहे. जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांना कमी उपयुक्त ठरवले, तर स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागणे यांना सर्वाधिक उपयुक्त. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना अधिक आठवले. एका आठवड्यानंतर चित्र उलटले: मजकूर मिटून आठवणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवले, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. म्हणजे पुनर्वाचनाने समाधान लगेच मिळते आणि ज्ञान मागे राहते.

प्रकरण संपले की पुस्तक मिटावे आणि मुख्य दावा, त्याचा सर्वांत भक्कम आधार आणि सर्वांत कच्चा दुवा असे तीनच मुद्दे कागदावर लिहावेत. आठवड्याने ते टिपण न पाहता पुन्हा लिहून पाहावे. मराठी वाचकाला येथे एक जादा सोय आहे. नोएडाविषयीचा बराचसा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत आहे. त्याचे टिपण मराठीत काढायचे ठरवले तर मूळ वाक्ये जशीच्या तशी उतरवून समजल्याचा भास निर्माण करता येत नाही. अर्थ कळला असेल तरच वाक्य तयार होते. पारिभाषिक अडचण आली तर मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे.

७. संभाव्य आक्षेप

आक्षेप पहिला: नोकरदाराला एवढा वेळ नाही. दिल्लीकडे रोज ये-जा करणाऱ्याला मेट्रोतली अर्धीपाऊण तासाची सवडच काय ती मिळते. हा आक्षेप या पद्धतीच्या बाजूचाच आहे. प्रश्न ठरला असेल तर चारशे पानांतील साठ पाने पुरतात. वेळ कमी असणाऱ्याला निवड अधिक लागते. वेग वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही. इंग्रजी वैचारिक मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द असल्याचे मार्क ब्रिसबार्ट यांच्या २०१९ च्या विश्लेषणात आढळले, आणि वेग फार वाढवला की आकलन घटते असे कीथ रेनर व सहकाऱ्यांच्या २०१६ च्या आढाव्याने दाखवले. मोबाइलच्या पडद्याबाबतही सावध राहावे. ५४ अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले दिसले आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. कथात्मक मजकुरात तसा फरक आढळला नाही. मेट्रोत मोबाइलवर कथा वाचावी आणि युक्तिवाद शक्यतो कागदावर वाचावा, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो.

आक्षेप दुसरा: सारांश उपलब्ध असताना हे कष्ट कशाला? सारांशात दावा येतो, आधार गळतो. ‘बेकायदा मनोरे पाडले’ हे सार माहीत असलेल्या रहिवाशाला आपल्या संकुलात नवी इमारत उभी राहू लागली तर काय तपासावे हे कळणार नाही. संमती आणि अंतर हे दोन मुद्दे माहीत असणाऱ्याला कळेल. पुस्तक वाचावे की नाही हे ठरवण्यापुरता सारांश उपयोगी आहे. यंत्राने तयार केलेल्या सारांशालाही हीच मर्यादा लागू होते.

आक्षेप तिसरा: प्रश्न घेऊन वाचणारा स्वतःला हवे तेवढेच उचलतो. हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो अंशतः मान्य केला पाहिजे. ‘भूसंपादन अन्याय्य कसे?’ असा प्रश्न घेतला तर उत्तर प्रश्नातच दडलेले असते. म्हणून प्रश्न खुला असावा, विरुद्ध बाजू वाचण्याची चौथी सवय सक्तीची मानावी आणि लेखकावर टीका करण्यापूर्वी त्याची प्रस्तावना व उपसंहार वाचल्याशिवाय राहू नये. शिवाय काही ग्रंथ तुकड्यांत वाचताच येत नाहीत. लोकमान्य टिळकांचा १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा असा ग्रंथ आहे. त्याच्या पंधरा प्रकरणांत एकच प्रतिपादन पायरीपायरीने चढत जाते, मधली पायरी गाळून निष्कर्षावर मत देणे अन्यायाचे ठरेल. ग्रंथ या जातीचा आहे की नाही, हे रचना पाहतानाच कळते.

आक्षेप चौथा: अशाने वाचनाचा आनंद जातो. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ललित निबंध यांना ही शिस्त लावू नये. ती पुस्तके ललितेतर म्हणून गणली गेली तरी त्यांचे सुख कथेच्या जवळचे आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’सारखी काही पुस्तके दोन्ही प्रकारे वाचता येतात: एकदा शैलीसाठी आणि एकदा महाभारताविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांची तपासणी करत. शुद्ध वैचारिक ग्रंथाचा आनंद मात्र समजण्यातूनच येतो, आणि समजण्याला शिस्त लागते.

८. आचरणाचा क्रम

वरील विवेचन व्यवहारात पुढीलप्रमाणे आणता येते.

(१) दर तिमाहीला एकच प्रश्न एका वाक्यात लिहावा.
(२) त्यासाठी तीन ते पाच साधने निवडावीत. त्यांत किमान एक मूळ कागद असावा: कायदा, निकालपत्र, अहवाल किंवा पत्रव्यवहार. सर्वोच्च न्यायालयाची निकालपत्रे संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.
(३) प्रत्येक साधनाची रचना अर्ध्या तासात पाहून किती वाचायचे ते ठरवावे.
(४) वाचताना दावा आणि पुरावा यांना वेगळ्या खुणा कराव्यात.
(५) प्रकरणाअखेर पुस्तक मिटून टिपण काढावे आणि आठवड्याने ते स्मरणातून तपासावे.
(६) तिमाहीच्या अखेरीस मूळ प्रश्नाचे उत्तर एका पानात लिहावे. आधीचे मत कुठे बदलले आणि कुठे टिकले, हे त्यात असावे.

या क्रमाने वर्षात चारच प्रश्न हाताळले जातील आणि पूर्ण वाचलेल्या पुस्तकांची संख्या कदाचित घटेल. ती घट चालण्यासारखी आहे. चार प्रश्नांवर आधार देऊन बोलू शकणारा नागरिक, चाळीस पुस्तकांची नावे सांगू शकणाऱ्यापेक्षा आपल्या संकुलाच्या सभेत, मतदान करताना आणि घरातल्या चर्चेतही अधिक उपयोगी पडतो. वर्षाअखेरीस वाचकाने पुस्तकांच्या यादीऐवजी ही चार पाने समोर ठेवावीत आणि त्यांवरून आपल्या वाचनाचा हिशेब करावा.